रंजक पेटली, बार उडाला नाही: हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची बंदूक निवडतानाचे एक प्रकरण

पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, चकमकीच्या बंदुकीने, म्हणजे तोंडाकडून ठासून भरायच्या आणि गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीने, हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. त्या हंगामाच्या तिसऱ्या दिवशी माझे एक स्नेही हॅरिसबर्गच्या उत्तरेला, जुनियाटा नदीच्या खोऱ्यातील एका डोंगरउतारावर, माउंटन लॉरेलच्या सदाहरित जाळीच्या कडेला बसले होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणाची एक मोठी मादी जाळीतून बाहेर आली आणि साधारण चाळीस यार्डांवर आडवी उभी राहिली. त्यांनी चाप ओढला, गार पोलादावर आपटली, रंजक, म्हणजे नळीबाहेरच्या रंजकदानातली पेटवणीची दारू, भपकन पेटली, धुराचा लोट डोळ्यांसमोर आला, आणि पुढे काहीच झाले नाही. नळीतला बार, म्हणजे गोळीमागची मुख्य दारू, उडालाच नव्हता. नियमाप्रमाणे त्यांनी नळी सुरक्षित दिशेला धरून दीड मिनिट वाट पाहिली, तोवर मादी शेपूट उभारून खिंडीपलीकडे गेली होती. तीन दिवसांत हे दुसऱ्यांदा घडले होते.

त्या संध्याकाळी ते बंदूक घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता आधुनिक, इनलाइन बंदूकच घेतो, म्हणजे एकदाची कटकट मिटेल." मी या राज्यात अनेक वर्षे ठासणीच्या बंदुकीने शिकार करत आलो आहे आणि असे फुसके बार मलाही नवे नाहीत, म्हणून मी त्यांना लगेच दुकानात जाऊ दिले नाही. आधी या बंदुकीला नेमके काय झाले आहे ते शोधू, आणि मगच पुढची बंदूक ठरवू, असे मी सुचवले. पुढचे जवळजवळ वर्षभर जे शोधले, मोजले आणि ठरवले, त्याची ही नोंद आहे. पहिल्याच बंदुकीची निवड करणाऱ्या मराठी वाचकाला तिचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण या विषयावर आपल्या भाषेत फारसे लिहिलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, आणि या लेखातील एकही ओळ तेथे लागू होत नाही. माझे स्नेही मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आणि तिची दारू, ठासायचा गज, केपांची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्यांची, डबी हे सारे त्यांनी लहानपणी पाहिले होते. बंदुकीची ओढ तिथूनची असली तरी शिकार ते इथेच शिकले, राज्याचा शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि रीतसर परवाना काढून. ते कायमचे रहिवासी आहेत. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी बंदूक बाळगण्याचे केंद्रीय नियम वेगळे आणि कडक आहेत. ठासणीची बंदूक बहुतेक वेळा केंद्रीय कायद्याच्या 'फायरआर्म' या व्याख्येबाहेर राहते हे खरे, पण राज्यांचे कायदे तसे मानतीलच असे नाही. शेजारच्या न्यू जर्सीत तिलाही बंदुकीचेच नियम लागतात. अशा वाचकाने आधी वकिलाला विचारावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

हंगामाने घातलेली अट

इनलाइन बंदूक म्हणजे ठासणीच्या बंदुकीचे आधुनिक रूप. टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये एमके-८५ ही बंदूक आणली आणि तेव्हापासून हा प्रकार अमेरिकेत रुजला. आजच्या इनलाइनमध्ये ठिणगी नळीच्या बुडाशी सरळ रेषेत पडते, आणि शॉटगनच्या काडतुसात वापरला जाणारा २०९ क्रमांकाचा प्रायमर बुडात बंदिस्त असतो, त्यामुळे पावसाचा थेंब त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी असते. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, बहुधा २८ इंचांत एक फेरा घेतात, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली लांब गोळी त्यातून सरळ जाते, वर दुर्बीण बसवता येते, आणि सराव असलेला माणूस दीडशे यार्डांवर खात्रीने नेम धरू शकतो. बूड हाताने उघडता येत असल्याने साफ करणेही सोपे जाते. केवळ बार हमखास उडावा एवढीच विश्वासार्हतेची व्याख्या असेल, तर इनलाइनशी दुसरी कोणतीही ठासणीची बंदूक बरोबरी करू शकत नाही, हे मी कोणतीही आडकाठी न ठेवता मान्य करतो.

तरीही माझ्या स्नेह्यांसाठी ती चुकीची निवड ठरली असती. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये एक आठवडा ठासणीच्या बंदुकांचा हंगाम असतो, त्यात फक्त बिनशिंगी हरणे मारता येतात, आणि तेथे इनलाइन, केपाची, चकमकीची अशी कोणतीही ठासणीची बंदूक चालते. मात्र नाताळनंतरच्या हंगामात केवळ चकमकीची बंदूक चालते. ती किमान .४४ कॅलिबरची, म्हणजे .४४ इंच व्यासाच्या नळीची, असावी लागते आणि तिच्यावर दुर्बीण चालत नाही, नळीवरच्या माशीनेच नेम धरावा लागतो. हा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला, आणि त्यामागे या राज्याचा स्वतःचा इतिहास आहे. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी जी लांब नळीची रायफल घडवली, ती पुढे केंटकी रायफल म्हणून ओळखली गेली, तरी ती घडली इथे. माझ्या स्नेह्यांना सुट्टी मिळते ती नाताळ ते नववर्ष या आठवड्यात. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कार्यालयात तिमाहीची धावपळ असते. इनलाइन घेतली असती, तर ज्या दिवसांत त्यांना रानात जाता येते नेमक्या त्याच दिवसांत ती कपाटात बंद राहिली असती.

केपाच्या बंदुकीलाही हाच आक्षेप लागू होता. तिची यंत्रणा चकमकीपेक्षा साधी आणि पावसात अधिक भरवशाची, पण नाताळनंतर तीही निरुपयोगी. म्हणजे 'विश्वसनीय बंदूक कोणती' हा प्रश्न हंगामाने आधीच लहान करून टाकला होता: विश्वसनीय चकमकीची बंदूक कोणती, आणि ती विश्वसनीय कशामुळे होते?

जुन्या बंदुकीची तपासणी

त्यांची बंदूक .५० कॅलिबरची, कारखान्यात बनलेली, एका ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात घेतलेली होती. कोणत्या कंपनीची हे सांगण्याची गरज नाही, कारण सापडलेल्या दोषांपैकी निम्मे बंदुकीचे नव्हतेच. आम्ही ती एका रविवारी माझ्या तळघरातल्या बाकावर उघडली. गोळी आणि दारू आदल्या रात्रीच काढून घेतली होती, आणि गज आत टाकून नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली होती. ठासणीची बंदूक हातात आली की पहिले काम हेच, मग ती स्वतःची असो की दुकानातली.

पहिला दोष दारूत होता. नळीत त्यांनी काळ्या दारूऐवजी तिचा आधुनिक पर्याय भरला होता. दुकानदाराने तोच दिला होता, आणि त्यात त्याचाही फारसा दोष म्हणता येणार नाही. खरी काळी दारू, म्हणजे सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक यांचे मिश्रण, कायद्याने स्फोटक मानली जाते, तिच्या साठवणीचे नियम कडक आहेत, म्हणून बहुतेक दुकाने ती ठेवतच नाहीत. त्यात २०२१ मध्ये लुइझियानातील मिंडेनचा गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना बंद होण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या मालकाने तो चालू करेपर्यंत तुटवडा आणखी वाढला. परंतु पर्यायी दारू पेटायला काळ्या दारूपेक्षा बरेच जास्त तापमान लागते. बंदिस्त प्रायमरच्या प्रखर ज्वाळेने ती पेटते. उघड्या रंजकेची जी क्षणभराची झळ नळीच्या बाजूच्या छिद्रातून आत शिरते, तिने ती पेटेलच याचा भरवसा नसतो. चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच हवी, यात तडजोड नाही. आणि आधुनिक काडतुसातली धूररहित दारू तर, खास तिच्यासाठी बनवलेली बंदूक सोडल्यास, कोणत्याही ठासणीच्या बंदुकीत कधीच घालू नये. नळी फुटून हात किंवा जीव जाऊ शकतो.

दुसरा दोष तेलाचा. त्यांनी साफ केल्यावर नळीत सढळ हाताने खनिज तेल घातले होते आणि बंदूक कोपऱ्यात तोंड वर करून उभी ठेवली होती. महिनाभरात ते तेल उतरून बुडाशी साचले. भरण्यापूर्वी स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी आणि मग कोरडी चिंधी फिरवायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी चिंधी बुडापर्यंत नेऊन बाहेर काढली तेव्हा ती काळ्या चिकट डांबरासारखी झाली होती. दारूचा पहिला थर त्या चिखलात बसला असताना बाहेरची रंजक कितीही झळाळली तरी आत काही पेटणार नव्हते. त्या दिवसापासून ते बंदूक तोंड खाली करून ठेवतात आणि आत खनिज तेलाऐवजी मेण व वनस्पती तेलाचे मिश्रण, तेही अगदी पुसटसे, लावतात.

ही दोन कारणे त्यांच्या हातातली होती. पुढची दोन बंदुकीची होती, आणि निवडीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत.

नळीच्या बाजूला जे बारीक छिद्र असते, ज्याला आपल्याकडे बंदुकीचा कान म्हणतात, ते या बंदुकीत जेमतेम एक मिलिमीटर होते आणि रंजकदानाच्या तळाजवळ बसवलेले होते. चांगल्या बंदुकीत ते सुमारे दीड मिलिमीटरच्या वर, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाइतके, असते आणि रंजकदानाच्या वरच्या कडेच्या पातळीवर येते. यातला फरक वरवर क्षुल्लक वाटतो, पण साऱ्या यंत्रणेचे मर्म त्यातच आहे. कान वर असला की रंजकेची ज्वाळा एका झटक्यात आडवी आत झेपावते. कान खाली असला तर तो रंजकेखाली गाडला जातो, आणि मग दारू कणाकणाने वातीसारखी जळत आत जाते. त्यामुळे एकतर बार उशिरा उडतो, किंवा वाटेतच विझतो. चाप ओढल्यावर जर 'फिस्...धाड' असे दोन वेगळे आवाज ऐकू येत असतील, तर नेम कितीही चांगला असला तरी गोळी ठिकाणावर जाणार नाही, कारण त्या मधल्या काळात मनुष्य नकळत हलतो. चांगल्या बंदुकीत हे दोन आवाज एकच वाटतात.

चौथा दोष पोलादाचा. गार ज्या उभ्या पात्यावर आपटते, ज्याला फ्रिझन म्हणतात, त्याचा पृष्ठभाग कडक हवा, कारण ठिणगी म्हणजे गारेने खरवडून काढलेला पोलादाचाच तापलेला कण. मी एक बारीक कानस त्या पात्याच्या कडेवर हलकेच फिरवली. कडक पोलादावर कानस घसरते. येथे ती चावली, आणि एक चकचकीत ओरखडा उमटला. पाते मऊ होते. तळघरातला दिवा घालवून आम्ही रिकाम्या रंजकदानावर घोडा, म्हणजे गार धरणारा भाग, पाडून पाहिला, तर तीन-चार लालसर ठिणग्या उडाल्या आणि रंजकदानात पडण्यापूर्वीच विझल्या. शेजारी माझ्या बंदुकीचा घोडा पाडला, तेव्हा पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा पुंजका थेट रंजकदानाच्या मध्यावर पडला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन वर्षे ते स्वतःच्या नेमाला आणि नशिबाला दोष देत होते.

पर्याय

आता त्यांच्यासमोर तीन मार्ग होते. जुनी बंदूक दुरुस्त करावी, नवी चकमकीची बंदूक घ्यावी, किंवा चांगली वापरलेली शोधावी. दुरुस्तीने कान मोठा करता आला असता आणि पाते पुन्हा कडक करता आले असते, पण कानाची जागा बदलणे म्हणजे नळी आणि यंत्र यांचे नातेच बदलणे, आणि ते स्वस्तात होत नाही. शिवाय तिच्या नळीतले आटे ४८ इंचांत एक फेरा घेणारे होते. ही तडजोडीची नळी असते, लांब गोळी आणि गोल गोळी दोन्ही चालाव्यात म्हणून दिलेली. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला खरे तर संथ फेरा मानवतो, साठ ते सत्तर इंचांत एक.

गोल गोळीच का, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो योग्य होता. लांब गोळी जड असते, दूरपर्यंत वेग टिकवते. .५० कॅलिबरच्या नळीतली गोल गोळी केवळ १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची असते. नळीतून ती सेकंदाला सुमारे १८०० फूट वेगाने निघाली तरी शंभर यार्डांवर तो वेग हजार-अकराशे फुटांवर आलेला असतो. म्हणून गोल गोळीने शिकार करणाऱ्याने आपली मर्यादा साठ-सत्तर यार्डांवर आखून घ्यावी आणि ती कधीही ओलांडू नये. जखमी होऊन पळालेले जनावर ही शिकाऱ्याच्या हातून होणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे. पण ते ज्या जाळीच्या कडेला बसतात, तेथे सत्तर यार्डांपुढे दिसतच नाही. डिसेंबरच्या अखेरीस, महिनाभराच्या गोळीबारानंतर, हरणे उघड्या ओकच्या रानात थांबत नाहीत, लॉरेल आणि हेमलॉकच्या दाट आडोशाला जातात. त्या अंतरावर मऊ शिशाची गोल गोळी आपले काम पूर्ण करते. आणि चिंधीत गच्च ठासलेली गोळी बंदूक खांद्यावर घेऊन डोंगर उतरताना पुढे सरकत नाही. ही गोष्ट दुय्यम मुळीच नाही, कारण गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो. त्यासाठीच गजावर पूर्ण ठासलेल्या बाराची खूण करून ठेवावी, आणि प्रत्येक भरणीनंतर ती पाहावी.

कॅलिबरबाबत आमचे मत काही काळ जुळेना. त्यांच्याकडे .५० च्या गोळ्या आणि साचा होता, आणि तो वाया घालवणे त्यांच्या जिवावर येत होते. माझा कल .५४ कडे होता. गोल गोळीला लांबी वाढवून वजन मिळवता येत नाही, तिचे वजन वाढते ते फक्त व्यासाने. .५४ साठीची गोळी २२४ ग्रेनची, म्हणजे साडेचौदा ग्रॅमची असते. नळीचा बाहेरचा आकार तोच असेल तर .५४ ची बंदूक .५० पेक्षा थोडी हलकीही असते, कारण आतून जास्त लोखंड काढलेले असते. दारू मात्र थोडी जास्त लागते. शेवटी हा वाद आमच्या तर्काने मिटला नाही. जी चांगली बंदूक मिळाली ती .५४ ची निघाली, एवढेच.

दुकानात

मार्चमध्ये एका जुन्या दुकानात लायमन कंपनीची ग्रेट प्लेन्स ही वापरलेली चकमकीची बंदूक मिळाली. ३२ इंचांची नळी, साठ इंचांत एक फेरा, दोन चापांची रचना. आधीच्या मालकाने ती फारशी वापरलेली नव्हती, आणि माझ्या अनुभवात हीच गोष्ट काळजीची असते. ठासणीच्या बंदुकीला वापराने क्वचितच काही होते. एकदाच वापरून, न धुता ठेवून दिल्याने तिची नळी खराब होते. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो, ती राख हवेतले पाणी ओढून घेते, आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरू लागतो. बाहेरून आरशासारखी चमकणारी बंदूक बुडाशी खड्ड्याखड्ड्यांची असू शकते.

म्हणून दुकानदाराच्या परवानगीने आम्ही आधी गज टाकून नळी रिकामी असल्याचे पाहिले. जुन्या बंदुका विसरलेल्या बारासकट विकायला येतात, आणि हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग नळीत बारीक दिवा सोडून आटे पाहिले. त्यानंतर घट्ट बसणारी चिंधी गजावर लावून तोंडापासून बुडापर्यंत संथपणे नेली. चिंधी सर्वत्र सारख्याच जोराने सरकली. कुठे अडकली किंवा एकदम सैल झाली नाही. बाहेर काढल्यावर तिच्यावर किंचित तांबूस छटा होती, पण चिंधीचा धागा कुठेही ओढला गेलेला नव्हता. म्हणजे वरवरचा गंज होता, खड्डे नव्हते.

घोडा अर्ध्या खाचेत ठेवून चाप दाबला, तो सुटला नाही. पूर्ण खाचेतून अंगठ्याने हळूच उतरवला, तेव्हा मधे कुठे खरखर नव्हती. फ्रिझनच्या कडेवर कानस घसरली. कान रंजकदानाच्या वरच्या कडेशी बरोबर होता, आणि त्यातली बारीक नळी पेचाची, म्हणजे झिजल्यावर बदलता येण्याजोगी होती. मागच्या खोलीत दिवा घालवून ठिणग्या पाहू देण्याची विनंती केली, तेव्हा दुकानदार आनंदाने तयार झाला. जो दुकानदार ही परीक्षा करू देत नाही त्याच्याकडून चकमकीची बंदूक घेऊ नये, असे माझे मत आहे. शेवटी त्यांनी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली. दस्त्याची लांबी जाड हिवाळी कोटावर किंचित जास्त वाटत होती, ती पुढे अर्धा इंच कापून घ्यावी लागली.

त्याच दुकानात एक जुनी, अतिशय स्वस्त इनलाइनही होती, आणि त्यांची नजर पुन्हा तिकडे वळली. वापरलेली इनलाइन घेणाऱ्यासाठी येथेच सांगून ठेवतो की, सीव्हीए या कंपनीने १९९७ मध्ये आपल्या १९९५ आणि १९९६ सालच्या इनलाइन बंदुका सुरक्षेच्या कारणावरून परत मागवल्या होत्या. त्यांतील काही आजही जुन्या बाजारात फिरताना आढळतात. सालाची आणि अनुक्रमांकाची खात्री न करता त्या काळातील बंदूक घेऊ नये. आजच्या बंदुकांशी त्याचा संबंध नाही.

मैदानावर

बंदूक घेतल्यावरचे सहा महिने हा निवडीचाच भाग मानला पाहिजे. एप्रिलपासून आम्ही पंचवीस यार्डांवर सुरुवात केली, सत्तर ग्रेन दारूपासून पाच-पाच ग्रेनने वाढवत गेलो, आणि प्रत्येक बाराची वहीत नोंद ठेवली: दारू किती, चिंधी किती जाड, हवा कोरडी की दमट, आणि आवाज एक की दोन. पंच्याऐंशी ग्रेनवर, इंचाच्या पंधरा सहस्रांश जाडीच्या चिंधीसह, पन्नास यार्डांवरच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत येऊ लागल्या. त्यापुढे दारू वाढवली तर धक्का वाढला, पण गोळ्या विखुरल्या. दर पाच बारांनंतर ओलसर चिंधी फिरवली नाही तर सहावी गोळी ठासताना गजाला फार जोर द्यावा लागे.

पहिल्या वीस बारांत तीन फुसके गेले. पहिल्यात गारेची धार बोथट झाली होती. दुसऱ्यात ओल्या चिंधीने कानात राख ढकलली होती. तिसऱ्यात त्यांनी रंजकदान काठोकाठ भरले होते. यातला एकही दोष बंदुकीचा नव्हता, आणि प्रत्येकावर उपाय निघाला. गार चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरून तिची धार पात्याला पूर्ण रुंदीभर समांतर लागेल अशी बसवली. भरताना कानात पिसाची बारीक काडी खुपसून ठेवायची आणि ठासून झाल्यावर काढायची, म्हणजे मार्ग मोकळा राहतो, ही जुनी युक्ती त्यांनी उचलली. रंजक तिसऱ्या हिश्श्याएवढीच, आणि कानापासून किंचित दूर. त्यापुढच्या चाळीस बारांत एकच चुकला.

सप्टेंबरमध्ये मुद्दाम पावसाळी दिवस निवडून गेलो. यंत्रावर मेण-चरबी चोळलेल्या चामड्याची टोपी बांधली, झाकणाच्या कडेला मेणाची बारीक रेघ दिली, आणि दर वीस मिनिटांनी रंजक फुंकून नवी घातली. रिमझिमीत बार उडत राहिले. जोराच्या पावसात तिसऱ्या तासाला रंजकेचा चिखल झाला आणि आम्ही घरी आलो. मुसळधार पावसात चकमकीच्या बंदुकीवर विसंबून राहू नये, हे त्यांनी त्या दिवशी स्वतः वहीत लिहिले. थंडीच्या दिवसांसाठी आणखी एक नियम त्यांनी पाळला: गार झालेली बंदूक उबदार गाडीत किंवा खोलीत न्यायची नाही, नेलीच तर बार काढून टाकायचा, कारण थंड लोखंडावर उबेतली वाफ जमते आणि ती दारूपर्यंत पोहोचते.

पुढचा हंगाम

२७ डिसेंबरला एक नर ऐंशी-नव्वद यार्डांवर दिसला आणि त्यांनी बंदूक उचलली नाही. मला ते सांगताना त्यांच्या आवाजात खंत होती. माझ्या मते तो त्या हंगामातला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय होता. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, पाच-सहा इंच बर्फात, त्याच जाळीच्या कडेला एक मादी पस्तीस यार्डांवर आली. त्यांनी वीस मिनिटांपूर्वीच रंजक बदलली होती. आवाज एकच झाला. मादी साठ पावलांवर पडलेली सापडली, गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती.

मांस घरी आणून टांगेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. वहिनींनी गरम पाणी आधीच काढून ठेवले होते. नळी दस्त्यातून काढून, बूड बादलीत ठेवून, साबणाच्या पाण्याने त्यांनी ती धुतली. पहिल्या तीन चिंध्या काळ्या आल्या, नंतर करड्या, आणि आठवी पांढरी. मग नळी पाण्याच्या उष्णतेनेच कोरडी होऊ दिली आणि मेण-तेलाची पुसट चिंधी फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक कोरडी चिंधी आत घातली, ती स्वच्छ आली.

जुन्या .५० चे फ्रिझन त्यांनी उन्हाळ्यात एका कारागिराकडून कडक करून घेतले आणि कानात मोठी नळी बसवली. ती आता अजिबात फुसकत नाही असे नाही, पण मैदानावर त्यांची मुलगी तिनेच शिकते, आणि .५० चा साचा वाया गेला नाही.